दोन डॉलर तेरा सेंट : अमेरिकेतल्या मराठी मंडळींना एक खुलं पत्र

अमेरिकेतल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, पण खास करून त्यांना, जे सुट्टीच्या दिवशी दहा-बारा जणांचं टेबल धरून बाहेर जेवायला जातात, जेवण झाल्यावर बिलाची वाटणी सेंटापर्यंत करतात आणि टीपच्या ओळीशी आले की छताकडे बघायला लागतात. आपल्या गावच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीलाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या ओघात येतील.

बोलायचं आहे ते फ्लोबद्दल. फ्लोरेन्स जीन कॅसलबेरी, मुक्काम फीनिक्स, अॅरिझोना, नोकरी मेल्स डायनरमध्ये वेट्रेसची. ही बाई खरी नव्हे. सीबीएस वाहिनीवर १९७६ ते १९८५ या काळात ‘अॅलिस’ नावाची विनोदी मालिका चालायची, तिच्यातलं हे पात्र. आपल्यापैकी बरेच जण या देशात आले तेव्हा ती मालिका बंद होऊन जमाना झाला होता. आपण वाढलो ते ‘फ्रेंड्स’वर. तिथे रेचल कॉफीचे कप इकडचे तिकडे करायची, तेही धड जमायचं नाही, आणि राहायची मॅनहॅटनमधल्या ऐसपैस घरात. तिला पगार कोण देतं, किती देतं, हा प्रश्न त्या मालिकेला फारसा पडला नाही आणि आपल्यालाही पडला नाही.

‘अॅलिस’ला तो पडला होता. न्यू जर्सीची एक विधवा, अॅलिस हायट, मुलाला घेऊन गायिका व्हायला लॉस एंजेलिसला निघते. वाटेत फीनिक्सला गाडी बंद पडते आणि पैसे संपत आलेले, म्हणून ती रस्त्याकडेच्या डायनरमध्ये ट्रे उचलते. म्हणजे कथेच्या मुळाशीच पैशाची चणचण आहे. अॅलिसचं काम लिंडा लॅव्हिनने केलं, शीर्षकगीतही तिनेच गायलं. वेंधळी व्हेरा ही बेथ हाउलंड. शीर्षकाच्या दृश्यात तिच्या हातातून स्ट्रॉ कारंज्यासारखे उडतात, ते ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. मालक मेल शार्पल्स म्हणजे विक टेबॅक, पांढऱ्या टोपीतला, चिक्कू, सतत खेकसणारा. आणि फ्लो म्हणजे पॉली हॉलिडे. लाल केसांचा डोंगर, तोंडात च्युइंगगम, दक्षिणेकडचा हेल. मेलने काही कुचकट बोललं की ती मान उडवून म्हणायची, ‘किस माय ग्रिट्स!’ ग्रिट्स म्हणजे दक्षिणेत खातात ती मक्याच्या कण्यांची पेज. टीव्हीवर जो खरा शब्द चालला नसता त्याच्या जागी ती पेज आली, आणि अख्ख्या देशाच्या तोंडी बसली.

पॉली हॉलिडे २०२५च्या सप्टेंबरमध्ये गेली, ८८व्या वर्षी. लिंडा लॅव्हिन त्याआधी, डिसेंबर २०२४मध्ये. आणि नोव्हेंबर २०२५मध्ये डायेन लॅड गेली. मार्टिन स्कोर्सेसीच्या ज्या १९७४च्या चित्रपटावरून ही मालिका निघाली, त्यात फ्लो तिने केली होती. पुढे मालिकेतली फ्लो सोडून गेल्यावर हीच डायेन लॅड बेल नावाची नवी वेट्रेस होऊन त्याच डायनरमध्ये हजर झाली. या बातम्यांच्या निमित्ताने मी जुने भाग पुन्हा लावले. हसले भरपूर. पण या खेपेला एक गोष्ट टोचली, तीच तुमच्यापुढे ठेवते.

फ्लो ग्रिट्स कुणाला चाटायला लावते? मेलला. मालकाला. ज्याच्या हातात नोकरी आहे त्याला ती दिवसातून दहा वेळा तोंडावर झाडते. गिऱ्हाइकांशी मात्र तिची लाडीगोडी असते. ट्रकवाल्यांची थट्टा करील, डोळा मारील, वर कॉफी ओतील. आपल्याला हे उलटं वाटतं. आपल्याकडे नोकर मालकापुढे मान खाली घालतो आणि गिऱ्हाइकावर डाफरतो. पुण्यात राहिलेल्यांना उदाहरणं द्यायला नकोत. मग फ्लो अशी उलटी का? माझं उत्तर साधं आहे. तिला पोसतो तो मेल नव्हेच. तिला पोसतं ते टेबल.

हे मी उगाच म्हणत नाही, त्यामागे कायदा आहे. १९३८ साली या देशात किमान वेतन आलं, तेव्हा हॉटेलं-रेस्टॉरंटांतली माणसं त्यात धरलीच नव्हती. १९६६च्या दुरुस्तीने ती धरली गेली, पण त्याच वेळी मालकांना एक सूट मिळाली : नोकराला मिळणारी टीप किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंत पगारात धरा, उरलेलं तेवढं तुम्ही द्या. १९७८ साली, म्हणजे फ्लो ऐन भरात असताना, किमान वेतन ताशी २ डॉलर ६५ सेंट होतं. या कायद्याखाली येणारा मालक त्यातले सव्वा डॉलरच्या थोडे वर टाकून मोकळा होऊ शकत होता. बाकीचं गिऱ्हाईक बघून घेईल. आता सांगा, अशा मालकाला घाबरायचं कशासाठी? फ्लोसारखी चलाख वेट्रेस, जिची नेहमीची गिऱ्हाइकं ठरलेली, ती उद्या समोरच्या डायनरमध्ये जाऊन उभी राहिली तर चार ट्रकवाले तिच्या मागे जातील. मेलला हे ठाऊक आहे. म्हणून तो नुसता ओरडतो.

माझ्या मते त्या विनोदाचं इंगित हे आहे. याचा एक पुरावा पुढे सीबीएसनेच दिला. फ्लो इतकी गाजली की १९८० साली तिला स्वतंत्र मालिका मिळाली. ती टेक्सासमधल्या आपल्या गावी, काउटाउनला, एक मोडकळीला आलेला गुत्ता विकत घेते आणि मालकीण होते. बाई तीच, लाल केसही तेच. सुरुवात जोरात झाली आणि २९ भागांत खेळ आटोपला. मालिकेची वेळ सारखी बदलली हे खरं कारण आहेच. पण मला विचाराल तर गल्ल्यावर बसलेल्या फ्लोकडे उलटून बोलायला कुणी उरलाच नाही. एक कर्जवाला होता, त्याला किती वेळा बोलणार?

नंतरच्या लोकांनी हा धागा सोडला. ‘टू ब्रोक गर्ल्स’ आपल्या मुलांनी पाहिली असेल, २०११ ते २०१७, ब्रुकलिनमधलं डायनर आणि तिथल्या दोन कंगाल वेट्रेस. त्यात प्रत्येक भागाच्या शेवटी दोघींची शिल्लक किती ते पडद्यावर आकड्यात दाखवायचे. कल्पना झकास. पण त्यातली मॅक्स पहिल्या भागापासून गिऱ्हाइकांचाच यथेच्छ अपमान करते, आणि टीपवर त्याचा काही परिणाम होताना दिसत नाही. खऱ्या डायनरमध्ये ती आठवडाभर टिकली नसती. भाडं भरता आलं नसतं.

मला हे कसं माहीत? माझी मुलगी कॉलेजच्या सुट्ट्यांत हायवेलगतच्या एका डायनरमध्ये वेट्रेस होती. नाव सांगत नाही, मालक भला माणूस होता. तिथे भारतीय घोळका दारात दिसला की बाकीच्या मुली एकमेकींकडे बघायच्या आणि टेबल हिच्या गळ्यात मारायचे : ‘तुझे लोक आलेत.’ तिचे लोक म्हणजे आपण. लिंबू घातलेलं गरम पाणी आधी आणा, मग साधं पाणी बर्फाशिवाय, ऑम्लेट एकाला मिरच्या घालून, एकीला कांद्याशिवाय, चार पॅनकेक अंड्याविना होतील का विचारून या, एक डिश दोघांत, वर दोन रिकाम्या प्लेट. हे सगळं ठीक आहे. मागावं, त्यासाठीच माणूस उभा आहे. ती सगळं हसत करायची.

एकदा असंच एक मराठी टेबल होतं. तिच्याशी इंग्रजीत, आपसात मराठीत. ‘ही पोरगी आपल्याकडची दिसते गं, नाकावरून तरी.’ ‘छे, गुजराती असेल.’ हिने ओळख दिली नाही, कामाच्या वेळी नकोसं वाटलं असेल. दीडशे डॉलरच्या आसपास बिल झालं, ते सात कार्डांवर फोडून झालं, आणि एक काकू दुसरीला म्हणाल्या, ‘पाच ठेव, पुरे झाले. पाणी वाढण्याचे किती द्यायचे?’ मुलगी शेजारीच ग्लास उचलत होती. मी तिला घरी विचारलं, ‘तू बोलली का नाहीस मराठीत?’ ती म्हणाली, ‘आई, मॅनेजरला मी बोलले असते. टेबलला बोलायचं नसतं.’

फ्लो समजून घ्यायला मला हे वाक्य पुरलं.

बरं, अशा पाच डॉलरचं पुढे काय होतं तेही ऐका, कारण आपल्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही हे माहीत नसतं. बऱ्याच ठिकाणी वेट्रेसला दिवसाच्या शेवटी भांडी उचलणारा, बारवाला, दारातली मुलगी यांचा वाटा द्यावा लागतो, आणि अनेकदा तो मिळालेल्या टीपवर नव्हे, झालेल्या विक्रीवर मोजतात. समजा हा वाटा तीन टक्के आहे आणि तुमचं बिल दोनशे. तिने सहा डॉलर द्यायचे. तुम्ही पाच ठेवलेत, तर तुमचं जेवण वाढण्यासाठी तिने पदरचा एक डॉलर घातला. आपण घरी कामाला येणाऱ्या मावशींना असं कधी म्हणू का, की आज धुणंभांडी करा आणि जाताना एक रुपया ठेवून जा?

आता शीर्षकातल्या आकड्याकडे येते. १९९१ साली किमान वेतन सव्वाचार डॉलर झालं. त्याचे निम्मे २ डॉलर साडेबारा सेंट, वर ओढून तेरा. १९९६ साली संसदेने किमान वेतन वाढवलं, पण टीपवाल्यांचा रोख पगार त्यापासून तोडून होता तिथेच गोठवला. त्याच वर्षी ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेत जॉर्ज टीपच्या बरणीत डॉलर टाकतो, दुकानदाराने पाहिलं नाही म्हणून तो परत काढून पुन्हा दाखवून टाकायला जातो आणि नेमका हात बरणीत असताना पकडला जातो. लोक खो खो हसले. तेव्हापासून केंद्रीय पातळीवर तो आकडा २ डॉलर १३ सेंटच आहे. साधं किमान वेतन २००९मध्ये सव्वासात डॉलरवर आलं आणि तेही तिथेच बसलंय. पण त्यातले पाच डॉलर बारा सेंट मालक टीपमधून वजा धरू शकतो.

सगळीकडे असं नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का इथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, टीप वेगळी. तिथल्या मराठी मंडळींनी हा परिच्छेद वाचून ‘मग आम्ही सुटलो’ असं म्हणू नये, बे एरियातलं घरभाडं तुम्हालाच जास्त माहीत. आमच्या अॅरिझोनात किमान वेतनापेक्षा फक्त तीन डॉलर कमी देता येतात. २०२५मध्ये ते १४.७० होतं, म्हणजे रोख ११.७०. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये इथे मालकमंडळींच्या पाठिंब्याने ही सूट आणखी वाढवायचा ठराव मतपत्रिकेवर आला होता. मतदारांनी तो दणकून पाडला. फ्लोच्या गावाला शोभेलसं केलं, असं मला वाटलं. पण टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना इथे आपले लोक काही थोडे नाहीत, आणि तिथे अजून दोन-तेराच.

‘मालकाने पगार द्यावा, आमच्यावर का?’ हे वाक्य मी प्रत्येक पार्टीत ऐकते. अगदी बरोबर आहे. मलाही ही पद्धत पटत नाही. मत द्यायचा हक्क असेल तर तिथे हे बोला, प्रतिनिधीला लिहा. पण टीप कापून मालकाला धडा शिकवला असं समजू नका. कायदा म्हणतो की पगार आणि टीप मिळून किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा, पण तो हिशोब आठवड्याच्या सरासरीवर होतो. तुमच्या टेबलावरचं भोक पुढच्या टेबलावरचा ट्रकवाला बुजवतो. मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि हा प्रश्न सोपाही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ साली टीपवाल्यांना हळूहळू पूर्ण किमान वेतनावर आणायचा ठराव मतदारांनीच नाकारला, आणि त्याच्या विरोधात कित्येक वेट्रेसही होत्या. टीप कमी होईल ही त्यांना भीती. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.

दुसरं ऐकू येतं ते असं : ‘आता तर त्यांना टीपवर टॅक्सही नाही.’ २०२५च्या कायद्याने वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टीपवर प्राप्तिकरात सूट दिली आहे, २०२८पर्यंत. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात त्यावर होतेच. आणि ज्यांचं उत्पन्नच इतकं कमी की प्राप्तिकर लागत नव्हता, त्यांना सूट कशातून मिळणार?

आपली मनोवृत्ती कुठून आली हे मला कळतं. तिकडे भारतात वेटरचा पगार मालक देतो आणि आपण बडीशेपेच्या बशीत सुटे ठेवतो, ती खुशी. त्यामुळे बिलात आपणहून सेवाशुल्क लावलं की आपल्याला राग येतो आणि तो रास्तही आहे. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते बंद करायला सांगितलं, मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तिकडे हे योग्यच झालं. पण विमानातून उतरताना तो राग बॅगेतून इकडे आणायचं कारण नाही. इकडे बऱ्याच ठिकाणी सहा-आठ जणांच्या वरच्या टेबलाला बिलात आपोआप अठरा टक्के लावतात. ते का लावतात, हे वेगळं सांगायला हवं का?

एका बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. काउंटरवर स्वतः उभं राहून मफिन उचलायचं आणि त्या मुलीने टॅब्लेट फिरवून वीस, बावीस, पंचवीस टक्के असे पर्याय समोर धरायचे, हा प्रकार मलाही डोक्यात जातो. काउंटरवरच्या माणसाला बहुतेक ठिकाणी पूर्ण किमान वेतन मिळतं. तिथे ‘नो टिप’ दाबताना माझा हात थरथरत नाही. पण हा राग तिथेच संपवावा. टॅब्लेटचा सूड तासभर पळापळ करणाऱ्या वेट्रेसवर काढणं म्हणजे तद्दन भित्रेपणा झाला.

मालिकेतली मला न आवडलेली एक गोष्टही सांगते. शेवटच्या भागात मेल डायनर विकतो आणि जाता जाता प्रत्येक वेट्रेसच्या हातावर पाच हजार डॉलर ठेवतो. सगळ्या गहिवरतात. इतकी वर्षं त्याच्या चिकटपणावर विनोद केले, आता त्याचं मन मोठं दाखवायला हवं, हे लेखकांचं गणित समजतं. पण नऊ वर्षांची मजुरी शेवटी बक्षीस म्हणून दिली, आणि बायकांनी डोळे पुसत घेतली. फ्लो तिथे असती तर तिने नोटा मोजून घेतल्या असत्या, आणि मग तोंड उघडलं असतं.

आता कार्यकारिणीकडे. गणपतीच्या कार्यक्रमासाठी दरवर्षी नाटक बसतं. तालीम साडेनऊ-दहाला संपते आणि पंधरा-सोळा जणांची वरात उघडं सापडेल त्या डायनरमध्ये शिरते. चार प्लेट फ्राइज, सात कॉफ्या, त्यावर पुन्हा पुन्हा कॉफी, आणि दिग्दर्शकाचं भाषण धरून दोन तास मुक्काम. बिल होतं साठ डॉलर. त्याचे वीस टक्के बारा. त्या दोन तासांत तिची तीन टेबलं तुम्ही अडवलेली असतात, तिथे दुसरी चार कुटुंबं जेवून गेली असती. अशा वेळी टक्के विसरा. दर टेबलामागे तासाला काही ठरवा. खजिनदारांनी नाटकाच्या अंदाजपत्रकात पडदे आणि मेकअप यांच्या खाली ही एक ओळ घालावी, म्हणजे रात्री बारा वाजता खिसे चाचपडायला नकोत. कार्यकारिणीच्या जेवणाचंही तेच : टीप आधी धरा, मग वाटणी करा.

आणि भारतीय रेस्टॉरंटांत ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून दहा टक्क्यांवर येऊ नका. आपल्या माणसांचं घरभाडं काही कमी नसतं.

स्वयंपाकघरात चूक झाली, डोसा गार आला, तर मॅनेजरला बोलवा आणि त्याला सुनवा. फ्लोनेही तेच केलं असतं. वेट्रेसच उद्धट असेल तर टीप जरूर कमी करा, तेवढा हक्क तुमचा आहे. जमलं तर टीप रोख द्या, तिच्या हातात द्या. आणि सात कार्डांवर बिल फोडायचंच असेल तर ते ऑर्डर देण्याआधी सांगा, कॉफी संपल्यावर नको.

कळावे, लोभ असावा.

आपली,
फीनिक्समधली एक मंडळ-सभासद